बारावं कडवं

लेक : डोळा टेकवू नका बाबा, काचेवर डाग पडतो. जरा वर धरा. हं. आता काय दिसतंय?

मिस्त्री : खसखस. कुणीतरी ताटात खसखस पसरून ठेवावी तशी. छान दिसतेय.

लेक : ही परवा फुगवलेल्या पहिल्या टोपीच्या पत्र्याची पट्टी. आता हलू नका, मी दुसरी सरकवते. ही?

मिस्त्री : ही आपली नाही.

लेक : आपलीच आहे.

मिस्त्री : अगं, कुठे ती खसखस आणि कुठे हे वाटाणे. दुसऱ्या कुणाचा तरी पत्रा तुझ्या डब्यात आलाय. नाहीतर तू भिंग बदललंस.

लेक : भिंग तेच. पत्राही त्याच गठ्ठ्यातला, परवा तुम्हीच भट्टीतून काढलेला. वाटाण्यांच्या मधे काळे ठिपके आहेत, ते दिसले?

मिस्त्री : धूळ असेल.

लेक : तीनदा घासून, तीनदा धुऊन बघितलं. धूळ जाते. भोकं जात नाहीत.

मिस्त्री : दार लाव.

लेक : लावलंय. तुम्हाला आत घेतलं तेव्हाच लावलंय. खुर्चीवर बसा आता, आणि मला एक सांगा. दाणे असे मोठे कशानं होतात?

मिस्त्री : बापाची परीक्षा घेतेस?

लेक : हो.

मिस्त्री : तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी हा पत्रा फुगवतोय.

लेक : तरी सांगा. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला.

मिस्त्री : बरं, तपासनीस बाई. पत्रा बनवतात तिथे हा हलका धातू मळतात, लाटतात, परत मळतात, परत लाटतात. कशासाठी, तर आतला दाणा बारीक व्हावा म्हणून. दाणा बारीक असला की पावणेपाचशे अंशाला तो पत्रा पत्रा राहत नाही, कणीक होतो. एका अंगानं हळूहळू हवा सोडायची, की तो फुगत फुगत साच्याला जाऊन बिलगतो. गर्दीतली शहाणी माणसं अंग चोरून एकमेकांना वाट देतात ना, तसे दाणे सरकतात. कुणी मोडत नाही, कुणी फाटत नाही. एवढ्याशा चकतीची हातभर उंच टोपी होते.

लेक : आणि जास्त वेळ उष्णतेत राहिला तर?

मिस्त्री : तर दाणा दाण्याला खातो. मोठा लहानाला गिळतो. मग उरतात सगळे ढेरपोटे, अंग चोरणं जमतंय कुणाला? ओढलं की दोघांच्या मधे फट पडते. बाहेरून टोपी आरशासारखी चकचकीत, आणि आतून...

लेक : आतून?

मिस्त्री : आतून वाळवी लागल्यासारखी.

लेक : सगळं पाठ आहे तुम्हाला.

मिस्त्री : का नसेल? तू अशी का बघतेस माझ्याकडे?

लेक : काही नाही. परवा काय झालं ते सांगा.

मिस्त्री : परवा काही झालं नाही. सहा चकत्या आत गेल्या, सहा टोप्या बाहेर आल्या.

लेक : भट्टीचं तापमान आपोआप नोंदणारा कागद कोरा आहे.

मिस्त्री : यंत्राच्या पेनातली शाई संपली होती.

लेक : नवीन का नाही घातलं?

मिस्त्री : घालणार होतो. राहिलं. साचा दाबून धरणारी जुनी प्रेस आहे ती, तिचा कागद आजवर बघितलाय कुणी? माझं सगळं डोक्यात असतं.

लेक : मग डोक्यातून सांगा, ही वाटाण्याची पट्टी कितव्या टोपीची?

मिस्त्री : नंबर ठोकलाय ना वर?

लेक : ठोकलाय. चार. आणि या दुसऱ्या पट्टीवर बघा. तिच्यावरही चार. पाच कशावरच नाही.

मिस्त्री : दाखव. ...ठोका तर माझाच आहे. डावीकडे कललेला.

लेक : ते मला कळलं. टोप्यांवरचे नंबर मात्र नीट आहेत. चार नंबरची टोपी इथे आहे, त्या खोक्यात. पाच नंबरची कुठे आहे माहीत आहे? विमानावर. आजारी माणसांना नेतात त्या छोट्या विमानावर. डाव्या पंख्याला दोन नंबरची टोपी, उजव्या पंख्याला पाच नंबरची. काल संध्याकाळी बसवल्या. चार वाजता ते उडणार आहे, आणि आता अडीच वाजलेत.

मिस्त्री : तुझ्या सहीशिवाय टोप्या गेल्याच कशा बाहेर?

लेक : सही केली मी. पहिली पट्टी बघितली, खसखस दिसली, सहाही टोप्यांच्या कागदावर सही ठोकली. बाकीच्या पाच पट्ट्या सावकाश बघू म्हटलं. आज सकाळी बघायला बसले.

मिस्त्री : असं करतेस तू?

लेक : सगळ्यांच्या बाबतीत नाही करत. तुम्ही फुगवलेल्या असल्या की करते. नऊ वर्षांत तुमची एक पट्टी वाईट निघाली नाही. मी तुमचं काम तपासतच नव्हते बाबा. नाव वाचत होते आणि पुढे सरकत होते.

मिस्त्री : ती टोपी पंख्याच्या नाकावर बसते. पंख्याबरोबर फिरते. मिनिटाला दोन हजार फेऱ्या. माथ्यापाशी पत्रा सगळ्यांत पातळ झालेला असतो, तिथे एवढीशी चीर गेली तरी तुकडा उडून थेट पात्यावर...

लेक : हे नाही विचारलं मी.

मिस्त्री : पातं तुटलं की मग...

लेक : बाबा. हे माहीत आहे मला. सकाळपासून हेच बघतेय डोळे मिटले की. तुम्ही चौथ्या चकतीचं सांगा. चौथ्याच्या वेळी काहीतरी झालं ना?

मिस्त्री : तुला कुणी सांगितलं?

लेक : कुणी नाही. दोनदा चार ठोकलाय माणसानं, म्हणजे त्याच्या डोक्यात चार अडकला होता.

मिस्त्री : तुझी आई अशीच होती. तिच्यापुढे खोटं बोलायचं म्हणजे आधी पाणी प्यावं लागायचं.

लेक : पाणी देऊ?

मिस्त्री : नको. चौथी चकती आत गेली. साचा मिटला. तापली. मी गाणं सुरू केलं.

लेक : नव्या प्रेसवरची पोरं हसतात त्या गाण्याला. म्हणतात, आमच्याकडे संगणक हवेची झडप फिरवतो आणि मिस्त्रींकडे अंगाई.

मिस्त्री : हसू देत. घड्याळाकडे बघायला मान वळवली की हाताला झटका बसतो, हवा जास्त सुटते, पत्रा फाटतो. पहिल्या वर्षी किती चकत्या फाडल्या मी. रोज घरी येऊन तेच सांगायचो. तुझी आई म्हणाली, पोरीला निजवताना बरा हात हळू चालतो तुमचा. तसंच निजवा की त्या पत्र्याला. म्हणून तुझीच अंगाई घेऊन गेलो. बारा कडवी. एकेक कडवं चारदा म्हणायचं आणि मग झडप बोटभर फिरवायची. बारावं संपलं की हवा बंद. त्यानंतर चकती फाटली नाही कधी.

लेक : परवा कितव्या कडव्यापर्यंत आला होतात?

मिस्त्री : सातवं.

 वाढत वाढत गेलं आभाळाचं पोट,
 धरून चाल माझं करंगळीचं बोट.

हे दोनदा म्हटलेलं आठवतंय.

लेक : आणि मग?

मिस्त्री : मग मी मागच्या दारात उभा होतो. हातात चहाचा कप होता.

लेक : चहा आणायला गेलात मधेच?

मिस्त्री : गेलो असेन. गेल्याचं आठवत नाही. कप भरलेला होता, आणि चहा गार. साय धरलेली त्याच्यावर. मी चहा गार होऊ देतो का कधी?

लेक : नाही.

मिस्त्री : जिभेला चटका बसला नाही तर तो चहा कसला, असं म्हणणारा माणूस मी. मी कप कठड्यावर ठेवला आणि धावत आत आलो. साचा तसाच मिटलेला, भट्टी तशीच पेटलेली, पत्रा तसाच अर्धा फुगलेला, आत. मी हात पुसले आणि आठवं कडवं सुरू केलं. काय करणार होतो दुसरं? टोपी निघाली ती छान निघाली. म्हटलं, पाचच मिनिटं गेली असतील.

लेक : पाच मिनिटांत साय धरत नाही.

मिस्त्री : नाही धरत.

लेक : अर्धा तास तरी. जास्तच. बाबा, मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?

मिस्त्री : काय सांगायचं? की तुझा बाप भर दुपारी कुठेतरी गेला होता आणि कुठे ते त्यालाच ठाऊक नाही?

लेक : बरं. बरं, थांबा. मला विचार करू दे. चूक चौथ्या चकतीत झाली. चौथी टोपी खोक्यात आहे. ती कापून बघू. तिच्या माथ्यावर वाटाणे निघाले, तर वाईट पट्टी तिचीच. मग दुसरी चारची पट्टी म्हणजे खरी पाचवीची, आणि ती चांगली आहे, मी बघितलीय. मग विमानावरच्या दोन्ही टोप्या चांगल्या. कुणाला काही सांगायलाच नको.

मिस्त्री : आणि चौथीत खसखस निघाली तर?

लेक : तर फोन करू. अर्धा तास लागेल मला. कापायचं, घासायचं, आम्लात बुडवायचं. तुम्ही फक्त बसा. आणि कुणी दार वाजवलं तर मी कामात आहे म्हणून सांगा.

मिस्त्री : करवतीला हळू दाब. ती चांगली टोपी आहे.

लेक : चांगली नाहीये ना, म्हणून तर कापतेय.

मिस्त्री : दिसायला चांगली आहे गं.

(करवत चालते, थांबते. मग घासण्याच्या चाकाची घरघर आणि पाण्याची धार. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं.)

लेक : वाटाणे.

मिस्त्री : नीट बघ.

लेक : नीटच बघतेय. वाटाणेच आहेत बाबा, आणि काळे ठिपके तर पट्टीपेक्षाही जास्त. वाईट धातू बघून एवढं हायसं कधी वाटलं नव्हतं मला. या, तुम्ही बघा.

मिस्त्री : तू बघितलंस ना, बस झालं.

लेक : हसू येतंय वेड्यासारखं. चौथी टोपी ओरखडा पडला म्हणून बाद केली, असं लिहिते मी. उद्यापासून सहाही पट्ट्या बघितल्याशिवाय सही नाही. आणि तुम्ही चार दिवस रजा घ्या. डॉक्टरकडे जाऊ. थकवा असेल, रक्त कमी असेल, काहीही असतं.

मिस्त्री : सहा पट्ट्या सहा टोप्यांच्याच आहेत कशावरून?

लेक : म्हणजे?

मिस्त्री : टोपी निघाली की तिच्या काठाचं कडं मी कापून टाकतो. त्या कड्यातून बोटभर पट्टी काढून तुला पाठवतो. एका कड्यातून एक. पण एकाच कड्यातून, समज तिसरीच्या, दोन काढल्या असतील तर? सहा भरतातच की. आणि एक टोपी पट्टीशिवायच राहते.

लेक : तुम्ही असं कशाला कराल?

मिस्त्री : दोनदा चार कशाला ठोकेन?

लेक : कडी कुठे आहेत? मोजू. ज्याला दोन खाचा असतील...

मिस्त्री : काल सकाळीच भंगाराची गाडी घेऊन गेली. वितळलीसुद्धा असतील एव्हाना.

लेक : आठवून बघा ना. प्रत्येक टोपीनंतर लगेच पट्टी कापली, की सगळ्या एकदम संध्याकाळी?

मिस्त्री : मी गेले दोन दिवस तेच करतोय बाळ. आंघोळ करताना, जेवताना, जिना चढताना. तो गार चहा आठवतो. आठवं कडवं आठवतं. चौथी टोपी हातात घेतलेली आठवते. त्यानंतर एकदम आपलं घर. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, आज उशीर झाला. मधे कुणीतरी आणखी दोन चकत्या फुगवल्या, कडी कापली, नंबर ठोकले, भट्टी विझवली, दाराला कुलूप लावलं. तो माणूस कोण होता मला ठाऊक नाही. ठोका डावीकडे कललाय, म्हणजे हात माझेच असणार.

लेक : म्हणजे पाचवी...

मिस्त्री : चौथीच्या वेळी मी गेलो होतो, ते मला कळलं, कारण परत आलो तेव्हा हातात चहा होता. पाचवीच्या वेळी हातात काही नसेल तर? कसं कळणार? परत आल्याचं तरी कसं कळणार?

लेक : असं बोलू नका. भीती वाटते मला.

मिस्त्री : मला किती वाटते ते विचार.

लेक : गेल्या महिन्यात घराची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली होती.

मिस्त्री : तू बघितलीस?

लेक : काढली, पुसली, खिळ्याला लावली. तुम्ही शोधायला लागाल त्याआधी. आणि मोरीतला नळ. तीनदा. मी उठून बंद केला आणि काही बोलले नाही. म्हटलं, बोललं नाही तर ते नसतंच.

मिस्त्री : मीही तेच म्हणत होतो. दोघं एकाच घरात पाय न वाजवता चालत होतो तर.

लेक : प्रेसच्या खांबावर तुम्ही खडूनं गाणं लिहिलंय, तेही बघितलं होतं. वाटलं, नव्या पोरांना शिकवण्यासाठी लिहिलं असेल.

मिस्त्री : माझ्यासाठी लिहिलं. उद्या उठलो आणि पहिली ओळच नसली तर, म्हणून. मोजलीस का कडवी?

लेक : नाही.

मिस्त्री : अकरा आहेत.

लेक : बाबा...

मिस्त्री : बारावं नाही सापडलं. महिना झाला. अकरावं संपलं की मी झडपेवर हात ठेवून उभा राहतो आणि अंदाजानं बंद करतो. आतापर्यंत अंदाज बरोबर आला. सव्वाचार झालेत का?

लेक : तीन वाजून वीस. घड्याळ समोर आहे तुमच्या.

मिस्त्री : हां, तीन वीस. फोन लाव भोपळ्याला. विमानावर टोप्या बसवणारा तोच ना?

लेक : काकाच. पण पाचवी टोपी चांगलीही असेल. दुसरीची पट्टी तर आहेच, तिच्यावर दोनचाच ठोका आहे, आणि ती चांगली आहे. दहातल्या नऊ शक्यता दोन्ही चांगल्या असण्याच्या.

मिस्त्री : असेल. आणि त्या विमानात कितीजण असतात?

लेक : वैमानिक. नर्स. झोपवलेला पेशंट. आणि त्याचं कुणीतरी एक, शेजारी बसलेलं.

मिस्त्री : त्या कुणीतरीला जाऊन सांगशील, दहातल्या नऊ म्हणून?

लेक : फोन केला तर पुन्हा तुम्हाला भट्टीपाशी उभं करणार नाहीत.

मिस्त्री : करूच नये.

लेक : तेवढंच आहे तुमच्याकडे. आई गेल्यावर तुम्ही चौथ्या दिवशी कामावर गेला होतात. हे काढून घेतलं तर दिवसभर घरात बसून काय कराल?

मिस्त्री : माहीत नाही. तू काय धरून बसलीयस ते कळतंय मला. सोड आता. फोन लाव. बोलतो मी. तू बोललीस तर काहीतरी झाकून सांगशील.

लेक : लावते. स्पीकरवर ठेवते. ...वाजतोय.

जोडारी : बोला, तपासनीस बाई. आज आमची आठवण कशी काय झाली?

मिस्त्री : मी बोलतोय रे भोपळ्या.

जोडारी : अरे, भट्टीतलं भूत. तुझ्या टोप्या बघायला यायला हवं होतंस. दोन्ही पंख्यांवर अशा चमकतायत की वैमानिकानं त्यात बघून केस विंचरले. सकाळी इंजिन फिरवून बघितलं. कुठे थरथर नाही, कुरकुर नाही. लोण्यासारखं.

मिस्त्री : काढ त्या.

जोडारी : काय?

मिस्त्री : दोन्ही काढ. आत्ता.

जोडारी : चेष्टा करतोस काय? पेशंट वाटेवर आहे. एकेका टोपीला अठरा स्क्रू आहेत, तुझ्या भट्टीला काय जातंय सांगायला.

मिस्त्री : जुन्या टोप्या आहेत ना तिथे?

जोडारी : आहेत, कपाटाखाली. पोचे आलेत म्हणून तर तुझ्याकडून नव्या करून घेतल्या. तशा धड आहेत बिचाऱ्या.

मिस्त्री : त्याच लाव. उशीर किती होईल?

जोडारी : चारऐवजी साडेचार. वैमानिक मला खाईल. काय झालंय तरी काय? कागद आलाय माझ्याकडे, तुझ्या पोरीची सही आहे खाली.

मिस्त्री : तिची चूक नाही. तिनं माझ्यावर विसंबून सही केली. चौथी टोपी वाईट निघाली. आत्ता कापून बघितली आम्ही. तुझ्याकडची पाचवी कशी आहे ते मला सांगता येत नाही. दुसरीचंही नाही.

जोडारी : सांगता येत नाही म्हणजे? केल्यास ना तूच?

मिस्त्री : केल्या असतील मीच.

जोडारी : हे बघ, टोप्या काढतो मी. तू म्हणालास, मला पुरे. पण वहीत कारण लिहावं लागतं. काय लिहू?

मिस्त्री : मिस्त्रीला आठवत नाही, असं लिही.

जोडारी : असं कसं लिहू? वर साहेब वाचतात. नीट शब्द सांग काहीतरी.

मिस्त्री : शब्द तेवढेच आहेत रे. तेच लिही.

जोडारी : ...मिस्त्री.

मिस्त्री : हं.

जोडारी : कोण बोलतोय मी?

मिस्त्री : भोपळ्या. शिकायला होतो तेव्हा माझा डबा चोरून खायचास आणि रिकामा डबा धुऊन परत ठेवायचास.

जोडारी : हां. मग ठीक आहे. मग बघू आपण. डाव्या बाजूची पहिली काढतो, मग उजवी. दोन्ही कापडात गुंडाळून तुमच्याकडे पाठवतो, कापून बघा. संध्याकाळी येतो घरी.

मिस्त्री : ये. कधी येणार ते तिला सांग. माझ्याकडे निरोप ठेवू नकोस.

लेक : काका, मी आहे इथेच. ऐकलं सगळं. टोप्या उतरल्या की मला फोन करा.

जोडारी : करतो गं. त्याला एकट्याला खाली पाठवू नकोस.

मिस्त्री : ठेवला का त्यानं?

लेक : ठेवला. हात किती गार पडलेत तुमचे. द्या इकडे.

मिस्त्री : भट्टीवाल्याचे हात गार, म्हणजे बघ.

लेक : मीही कागद लिहिते. एकच पट्टी बघून सही केली म्हणून. तुमच्या कागदाला जोडून देईन. दोघांनाही काढतील बहुतेक.

मिस्त्री : तुला नाही काढणार. सकाळी स्वतःहून बघितलंस तू. बघितलं नसतंस तर आत्ता ते विमान धावपट्टीवर असतं. ...खाली प्रेस अजून तापलेली आहे का गं? मी विझवून आलो का?

लेक : विझवलीत. तुम्हाला बोलवायला आले तेव्हा मी बघितलं होतं.

मिस्त्री : नक्की?

लेक : नक्की. मी स्वतः बटण बघितलं.

मिस्त्री : बरं झालं. आता असंच विचारत राहणार मी. कंटाळशील.

लेक : चारदा विचारलंत तरी सांगेन.

मिस्त्री : अकरावं येतं बरं का मला. खाली लिहिलंय, पण न बघताही येतं.

 दाणा दाण्याला म्हणे, सरक रे बाजूला,
 वाट करून देऊ लेकीच्या पावलाला.

इथपर्यंत येतो. मग पुढे भिंत. तिच्यावर काही लिहिलेलंच नाही.

लेक : मला येतं बारावं.

मिस्त्री : तुला कसं येईल? तू झोपून जायचीस सहाव्यालाच.

लेक : झोपायचं सोंग करायचे. जागी दिसले की तुम्ही पुढचं म्हणायला लाजायचात. म्हणू?

मिस्त्री : म्हण. हळू म्हण. घाई केली की फाटतं.

लेक :
 थांब आता वाऱ्या, माथा लागला छताला,
 मोठी झाली लेक माझी, सोड तिच्या हाताला.

मिस्त्री : छान आहे. छताला टेकली की हवा बंद. बरोबर आहे अगदी. कुणी रचलं गं हे?

लेक : तुम्ही, बाबा.

मिस्त्री : मी? ...बरं. मग आणखी तीनदा म्हण. चारदा झाल्याशिवाय पुढे जायचं नसतं.